साथ येण्याआधी: घरचा रुग्ण आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी, दोघांची तयारी

पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले काका, पार्किन्सनच्या आजी, नळीतून जेवणारे आजोबा. यांना सांभाळायला, रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून बारा किंवा चोवीस तासांच्या मावशी येतात. साथीची बातमी कानावर आली की अशा घरातली पहिली धाव मेडिकलकडे असते: मास्क, सॅनिटायझर, ऑक्सिमीटर. मावशींशी बोलणं मात्र राहून जातं.

घरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांना मी कामाचं शिक्षण देते. मी पाहिलेल्या घरांत साथ शिरली ती बहुतेक वेळा मावशींनी अंगातला ताप लपवला म्हणून. त्या लपवतात, कारण खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे जातात. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. खरेदी चौथ्या टप्प्यावर आहे, आणि ती तिथेच असायला हवी.

## टप्पा १: खाड्याचं आधी ठरवा

ड्यूटी बदलताना दारात उभ्या उभ्या हे बोलू नका. मावशींना बसवा, चहा द्या, घरात पैशांचा निर्णय घेणारं माणूस समोर असू द्या. या गोष्टी ठरवून कागदावर लिहा.

आजारपणाचा खाडा कापायचा नाही. किती दिवस, हेही सांगा. साध्या फ्लूत माणूस पाच-सात दिवस दुसऱ्याला रोग देऊ शकतो, तेव्हा किमान एका आठवड्याची हमी हवी. मावशींचा दिवसाचा पगार ८०० रुपये धरला, तर सात दिवसांचे ५६०० होतात. आजोबांना न्यूमोनिया होऊन खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, तर एवढे पैसे पहिल्या दिवशीही पुरत नाहीत. पगार ब्युरोमार्फत जात असेल तर ही रक्कम थेट मावशींच्या हातात द्या. मधे कापली गेली तर तुमच्या शब्दाला अर्थ उरत नाही.

बदली कोण येणार? ‘ब्युरो पाठवेल’ हे उत्तर साथीत चालत नाही. त्यांच्याही निम्म्या बायका तेव्हा आजारी असू शकतात, आणि येणारी बदली आदल्या दिवशी कुठल्या घरी होती हे कळत नाही. घरातलं किंवा शेजारचं एक माणूस नावानिशी ठरवा. त्याला काम शिकवण्याबद्दल टप्पा ६ मध्ये लिहिलं आहे.

मावशी दिवसा तुमच्याकडे आणि रात्री दुसऱ्या घरी जातात का, हे चौकशीचा सूर न लावता विचारा. डबल ड्यूटी करणारी बाई हौसेने करत नाही. साथीपुरतं दुसरं घर सोडा म्हणायचं असेल, तर ते पैसे भरून देण्याची तयारी ठेवूनच म्हणा.

त्यांच्या घराचीही विचारपूस करा: लहान मूल आहे का, सासू आजारी आहे का, स्वतःला मधुमेह किंवा दमा आहे का, दिवस गेले आहेत का. धोका दोन्ही दिशांनी वाहतो. तुमच्या घरातून रोग घेऊन जाणारी बाई दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर झोपते.

म्हणून वचनही दोन्ही बाजूंनी द्या. शब्द साधे ठेवा: ‘मावशी, तुम्हाला किंवा तुमच्या घरी कुणाला ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ काही वाटलं, तर घरूनच फोन करा. येऊ नका. पैसे कापणार नाही. आणि आमच्या घरात कुणी आजारी पडलं, तर तुम्ही निघायच्या आधी आम्ही फोन करू.’ दुसरं वाक्य बहुतेक घरं गाळतात. मुलाला ताप आहे हे सांगितलं तर मावशी येणार नाहीत, या भीतीने ते लपवलं जातं. अशा घरातल्या मावशींनी तुमच्याशी खरं बोलावं, ही अपेक्षा कशी ठेवायची?

तपासा: मावशींना विचारा, ‘उद्या सकाळी ताप आला तर काय कराल?’ ‘गोळी घेऊन येईन’ असं उत्तर आलं, तर त्यांना तुमचा शब्द अजून पटलेला नाही. पुन्हा बोला.

## टप्पा २: एका पानाची फाईल

रुग्णाची जाडजूड फाईल असतेच. मध्यरात्री रुग्णवाहिकेत ती उलटायला वेळ नसतो. एकच पान करा: नाव, वय, आजार, चालू औषधं आणि त्यांच्या वेळा, कशाची अ‍ॅलर्जी आहे, जेवणाची नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) शेवटचं कधी बदललं, डॉक्टरांचा आणि निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचा फोन, विम्याचं कार्ड कुठे ठेवलं आहे. एक प्रत उशाशी, एक दाराजवळ. खाली मोठ्या आकड्यात १०८ लिहा.

त्याच पानावर रुग्णाचे नेहमीचे आकडे हवेत, आणि ते तब्येत बरी असतानाच मिळतात. सलग तीन दिवस एकाच वेळी तापमान, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन आणि मिनिटाला श्वास किती ते मोजून लिहा. श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका, नाहीतर तो बदलतो. छाती पूर्ण एक मिनिट बघा.

हे का लागतं? वयस्क माणसाला संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नसतं. आजींचं रोजचं तापमान ९७ असेल, तर ९९ हा त्यांच्यासाठी ताप आहे. नेहमीपेक्षा २ अंश फॅरनहाइटची वाढ गंभीरपणे घ्या. ऑक्सिजनचंही तसंच: जुन्या दम्याच्या किंवा सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) रुग्णाचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो. तो माहीत नसला तर उगाच घबराट होते, किंवा खरी घसरण नजरेतून सुटते.

नेहमीची चूक: गार बोटाला, मेंदी किंवा नेलपॉलिश असलेल्या नखाला ऑक्सिमीटर लावणं. बोट चोळून गरम करा, हात स्थिर ठेवा, आकडा थांबला की मगच लिहा.

## टप्पा ३: डॉक्टरांना आधीच विचारायचे प्रश्न

साथीत डॉक्टरांचा फोन लागत नाही. पुढच्या नेहमीच्या भेटीत हे विचारून उत्तरं त्याच पानाच्या मागे लिहा.

- फ्लूची लस कधी? ती दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगात तयारी व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, म्हणून एप्रिल-मे ही चांगली वेळ. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारा. मावशींच्या लशीचा खर्च घराने करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.
- जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या? लघवी वाढवणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही गोळ्या अंगातलं पाणी कमी झाल्यावर त्रास देतात. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. इन्सुलिन तर मुळीच नाही.
- हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला दिवसाला किती पाणी आणि ओआरएस चालेल?
- ताप आल्यावर पॅरासिटामॉल किती आणि किती वेळाने? सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही दिल्या की मात्रा दुप्पट होते.
- फ्लूवरचं ऑसेल्टामिव्हिर लागेल का? लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू केलं तर ते जास्त उपयोगी ठरतं, म्हणून फोन कधी करायचा हे आधी ठरलेलं बरं.

शेवटचा प्रश्न अवघड आहे, तरी टाळू नका. तब्येत फारच खालावली तर रुग्णाला रुग्णालय, व्हेंटिलेटर हवं आहे का? त्यांना बोलता येत असेल तर त्यांनाच विचारा. हा निर्णय रात्री दोन वाजता एकट्या मावशींवर येऊन पडता कामा नये.

## टप्पा ४: सामान

नेहमीची औषधं तीन-चार आठवड्यांची. डायपर, अंडरपॅड आणि नळीतून द्यायची पावडर दोन आठवड्यांची. थर्मामीटर, ऑक्सिमीटर आणि त्यांच्या जादा बॅटऱ्या. एन-९५ मास्क, हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, साबण, ओआरएस, सोडियम हायपोक्लोराइट (जंतू मारणारं ब्लीच). झाकणाची पायाने उघडणारी बादली. एवढं पुरतं.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं, विजेवरचं यंत्र) असेल तर वीज गेल्यावर काय, याचं उत्तर हवं. इन्व्हर्टरवर तो किती वेळ चालतो ते चालवून बघा. सिलिंडरचा हिशोब सोपा आहे: त्यात किती लिटर आहेत ते विक्रेत्याला विचारा आणि मिनिटाला लागणाऱ्या लिटरने भागा. १५०० लिटर असतील आणि मिनिटाला २ लागत असतील, तर ७५० मिनिटं, म्हणजे साडेबारा तास.

सावधान: झडप असलेला मास्क आजारी माणसाला लावू नका, उच्छ्वास झडपेतून थेट बाहेर येतो. आणि ज्या रुग्णाला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला मास्क लावूच नका. तिथे मास्क मावशींनी लावायचा.

## टप्पा ५: खोली

पलंग खिडकीजवळ घ्या. वारा मावशींच्या पाठीकडून येऊन रुग्णावरून खिडकीबाहेर जावा, अशी मांडणी करा. टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवला की खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते. तो रुग्णावर रोखून ठेवला तर तीच हवा घरभर पसरते.

वन रूम किचनमध्ये वेगळी खोली कुठून आणायची? तिथे पडदा, दोन मीटरचं अंतर, आणि झोपताना एकाच्या डोक्याकडे दुसऱ्याचे पाय. सहा फूट मोजून फरशीवर खडूने रेघ मारा. अंदाजाने घेतलेलं अंतर दोन दिवसांत तीन फुटांवर येतं.

साथीच्या काळात कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. चादरी झटकू नका.

पुसायचं द्रावण असं करा. ५ टक्क्यांच्या हायपोक्लोराइटचं २० मिली ९८० मिली पाण्यात टाका. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १० मिलीचं टोपण मापाला चालतं: दोन टोपणं. हे दाराच्या कड्या, पलंगाचे कठडे, स्विच, कमोड यांना लावा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. शी-उलटी सांडली असेल तर आधी कागदाने टिपून घ्या आणि मग जास्त तीव्र द्रावण वापरा: १०० मिली हायपोक्लोराइट, ९०० मिली पाणी. रोज नवं करा. कालच्याचा जोर कमी झालेला असतो.

सावधान: यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये माणूस घुसमटतो. हे द्रावण अंगावर, भांड्यांवर, भाजीवर फवारायचं नाही.

## टप्पा ६: तालीम

सांगून काम येत नाही, करून घ्यावं लागतं. एका दुपारी मावशी आणि ठरवलेली बदली व्यक्ती, दोघांना बसवा.

हात: साबणाने किमान ४० सेकंद. अंगठा आणि बोटांची टोकं सगळ्यात जास्त राहतात. पोटाच्या साथीत सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही. तिथे साबण-पाणीच.

चढवायचा क्रम: हात धुवा, एप्रन, मास्क, चष्मा, शेवटी हातमोजे. मास्कची पट्टी नाकावर दाबून जोरात श्वास सोडायला सांगा. कडेने वारा लागला तर मास्क नीट बसलेला नाही.

उतरवायचा क्रम: सगळ्यात मळलेली गोष्ट पहिली. हातमोजे, हात धुवा, चष्मा, एप्रन, खोलीबाहेर आल्यावर मास्क, आणि पुन्हा हात. चुका चढवताना होत नाहीत, उतरवताना होतात, म्हणून तालीम उतरवण्याची जास्त करा.

हातमोज्यांबद्दल जरा थांबते, कारण सर्वांत जास्त चूक इथेच होते. सकाळी घातलेले मोजे दुपारपर्यंत हातात असतात: त्याच हाताने डायपर, त्याच हाताने फ्रीजचं दार, त्याच हाताने भाताचा चमचा. मोजे मावशींचा हात स्वच्छ ठेवतात, आजोबांचा चमचा नाही. एका कामाला एक जोड, काम संपलं की बादलीत. तेवढे मोजे परवडत नसतील तर घालू नका, प्रत्येक कामानंतर हात धुवा. तेही चालतं.

बदली व्यक्तीला उचलून बसवणं, कूस वळवणं, डायपर, नळीतून भरवणं आणि इन्सुलिन या गोष्टी मावशींनीच शिकवाव्यात. आजोबा पाठीवर सरळ झोपलेले असताना नळीतून भरवायचं नाही, डोक्याची बाजू उंच हवी, हे त्या डॉक्टरांइतकंच ठामपणे सांगतील. मग एक दिवस मावशींना पगारी सुट्टी द्या आणि बदली व्यक्तीवर अर्धा दिवस काढा. काय विसरलंय ते त्या अर्ध्या दिवसात कळतं.

स्मृतिभ्रंशाच्या आजी मास्कवाल्या चेहऱ्याला घाबरतात. दारातून, लांबून, मास्क न लावता चेहरा दाखवा, नावाने हाक मारा, मग त्यांच्यादेखत मास्क चढवून आत जा. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी पाटी-खडू ठेवा.

## टप्पा ७: साथ सुरू झाली, रोजचा क्रम

१. निघण्याआधी फोन. मावशींनी घरूनच सांगायचं. दारात तापमापकाची बंदूक लावणं पुरेसं नाही: पॅरासिटामॉल घेतली असेल तर आजारी असूनही आकडा नेहमीसारखाच येऊ शकतो.

२. दारात. चपला बाहेर, हात, आणि बस-लोकलचे कपडे बदलणं. मावशींचे दोन जोड तुमच्याच घरी धुऊन ठेवलेले असू द्या.

३. नोंद. तापमान, नाडी, ऑक्सिजन वहीत. शेजारी एक ओळ: किती जेवले, नेहमीसारखे बोलले का.

४. स्वच्छ कामं आधी, मळकी शेवटी. औषधं आणि जेवण, मग तोंडाची स्वच्छता, स्पंजिंग, आणि शेवटी डायपर किंवा बेडपॅन. डायपर मधेच बदलावा लागला तर पूर्ण हात धुऊन पुन्हा वर या.

५. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) आणि सक्शन (घशातला कफ ओढून काढणं) यांत तुषार हवेत उडतात. मावशींना एन-९५ आणि चष्मा, खिडकी उघडी, बाकी सगळे बाहेर. त्याऐवजी स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून इन्हेलर चालेल का, ते डॉक्टरांना विचारा.

६. कचरा. डायपर, मास्क वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेचणाऱ्या ताईंना न उघडता कळेल. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत.

भेटायला येणाऱ्यांना नको म्हणायचं काम मावशींवर टाकू नका. आत्याला ‘येऊ नका’ हे मुलानेच सांगावं.

साथ पाण्यातून पसरणारी असेल तर मास्कपेक्षा पातेलं महत्त्वाचं. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम करून हातपाय लुळे पाडणारा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याकडे बोट दाखवलं गेलं आणि घरोघरी पाणी उकळणं सुरू झालं. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर पुढे एक मिनिट. पिण्याचं पाणी सगळे उकळतात, पण नळीतून भरवल्यावर नळी धुवायचं पाणी आणि दात घासायचं पाणी नळाचंच राहतं. तेही उकळलेलंच हवं. डेंग्यूत माणसापासून लांब राहून उपयोग नाही. तिथे मच्छरदाणी दिवसाही लावा आणि कमोडच्या बादलीपासून कूलरपर्यंत साठलेलं पाणी ओता.

## टप्पा ८: शंका आली तर पहिला तास

रुग्णाबद्दल. वयस्कांत पहिली खूण बऱ्याचदा खोकला नसते. अचानक गोंधळ, सारखी झोप, जेवण नको, पलंगावरून घसरणं. ‘आज बाबा जरा वेगळेच वाटतात’ असं मावशी म्हणाल्या तर ते हसण्यावारी नेऊ नका. दिवसाचे बारा तास त्यांच्याजवळ त्याच असतात.

आधी मास्क, खिडकी, बाकीचे बाहेर. मग सगळे आकडे घ्या आणि नेहमीच्या आकड्यांशेजारी ठेवा. ऑक्सिजन नेहमीपेक्षा ३ ने खाली, श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, सहा-आठ तास डायपर कोरडा, यातलं काहीही असलं तरी डॉक्टरांना फोन. ऑक्सिजन ९० च्या खाली, ओठ निळसर, हाक मारूनही प्रतिसाद नाही: थेट १०८, आणि एक पानाची फाईल हातात. जुन्या फुप्फुसविकारात हे आकडे डॉक्टरांनी वेगळे दिलेले असतील, तर तेच पाळा. १०८ ला फोन करतानाच संसर्गाची शंका आहे हे सांगा, म्हणजे येणारी माणसंही तयारीने येतील.

जुलाब असतील तर ओआरएसच्या पुड्यावर लिहिलेल्या मापाचंच पाणी घ्या. १ लिटरचा पुडा पेल्यात अर्धा-अर्धा टाकणं धोक्याचं आहे, क्षार जास्त होतात. केलेलं द्रावण २४ तासांनंतर टाकून द्या.

मावशींबद्दल. कामावर असतानाच बरं वाटेनासं झालं, तर मास्क लावून लगेच बाहेरच्या खोलीत. बदली व्यक्तीला फोन. मावशींना गर्दीच्या बसमध्ये पाठवू नका, रिक्षाचे पैसे द्या, डॉक्टरांकडे कोण नेणार ते विचारा. ब्युरोलाही कळवा, म्हणजे त्यांना दुसऱ्या घरी पाठवलं जाणार नाही. पुढचे काही दिवस रुग्णाचे आकडे दोनदा घ्या.

## टप्पा ९: कामावर परत

घाईने बोलावणं ही शेवटची मोठी चूक. फ्लूसारख्या तापात: औषध न घेता २४ तास ताप नसावा, खोकला कमी होत असावा, आणि परतल्यावरही काही दिवस मास्क. जुलाब-उलट्या: थांबल्यानंतर पूर्ण ४८ तास. कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. नागीण झालेल्या आजींपासून कांजिण्या न झालेल्या मावशींना कांजिण्या होऊ शकतात, तेव्हा हे आधी विचारून ठेवा. डोळे आले असतील तर पाणी आणि चिकटा थांबेपर्यंत, आणि टॉवेल वेगळा.

मावशी परत आल्या की पहिल्या दिवशी कामाला लावण्याआधी वही त्यांच्यासमोर ठेवा: त्या नसताना काय काय झालं, कोणती गोळी बदलली, पाठीवर कुठे लाली दिसते आहे. ठरलेले खाड्याचे पैसे त्याच दिवशी हातात द्या, महिनाअखेरीपर्यंत थांबू नका. पुढच्या वेळी ताप आला की त्या घरूनच फोन करतील.